गिअरची सायकल म्हणजे कमीपणा, असं समजणाऱ्या जमान्याला भिडलेला रेशीम व्यापारी : वेलोसिओ

घाटात गिअर टाकताना खटकन आवाज येतो, पायावरचा भार कमी होतो आणि सायकल पुढे सरकत राहते. आज यात कुणाला काही विशेष वाटत नाही. दहा-बारा हजारांच्या सायकललाही पुढे दोन-तीन आणि मागे सात चकत्या असतात.

पण एक काळ असा होता की घाटात गिअर वापरणं म्हणजे लबाडी समजली जायची. खरा सायकलवाला एकाच गिअरवर चढायचा, नाहीच जमलं तर उतरून ढकलायचा. जमाना असा असताना फ्रान्समधल्या एका माणसाने 40 वर्षं एकच गोष्ट लावून धरली. सायकल ही फक्त शर्यतीची वस्तू नाही, साध्या माणसाला ऊन, वारा, पाऊस, बर्फ यांतून लांबवर जाता यावं यासाठी ती आहे, आणि त्यासाठी गिअर पाहिजेतच.

या माणसाचं नाव पॉल द व्हिवी. पण जग त्यांना ओळखतं ते वेलोसिओ या टोपणनावाने.

पॉल यांचा जन्म 29 एप्रिल 1853 चा. गाव पेर्न, दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागातलं. म्हणजे ऑलिव्हची झाडं, कडक ऊन आणि निळं आभाळ. शिक्षण झालं ते जुन्या वळणाचं, लॅटिन आणि ग्रीक ग्रंथांचं. ही आवड त्यांनी आयुष्यभर सोडली नाही. पोटापाण्यासाठी मात्र त्यांनी रेशमाचा धंदा धरला आणि तिशीच्या आत स्वतःचा व्यापार उभा केला.

धंद्याचं गाव होतं सेंट एतिएन. हे गाव समजून घेतलं तर पुढची गोष्ट नीट कळते. सेंट एतिएन म्हणजे कोळशाच्या खाणी, बंदुकांचे कारखाने आणि रेशमी फिती विणणारे माग. समुद्रसपाटीपासून जवळपास 500 मीटर उंचीवर वसलेलं, धुराने काळवंडलेलं आणि हिवाळ्यात गारठलेलं. गावातून दक्षिणेकडे निघालं की लगेच चढ लागतो आणि तो थेट 1161 मीटरवरच्या खिंडीत नेऊन सोडतो. खिंडीचं नाव कोल द ला रेपुब्लिक.

ही खिंड म्हणजे पाणलोटाची सीमा आहे. अलीकडे पडलेला पाऊस लुआर नदीतून अटलांटिक महासागराला जातो, पलीकडे पडलेला रोन नदीतून भूमध्य समुद्राला. हवामानाचंही तसंच. अलीकडे धुकं, वर देवदारांच्या रानात बर्फ, उतरून रोनच्या खोऱ्यात आलं की उघडं आभाळ आणि मिस्त्राल नावाचा उत्तरेचा थंडगार, बेफाम वारा. त्याच्याही खाली गेलं की प्रोव्हान्सचं ऊन. एका दिवसात तीन ऋतू. पॉल यांचं जन्मगाव डोंगराच्या त्या बाजूला आणि धंदा या बाजूला. पुढची सगळी वर्षं याच रस्त्यावर गेली म्हटलं तरी चालेल.

1881 मध्ये त्यांनी पहिली सायकल घेतली. ती आजच्यासारखी नव्हती. पुढचं चाक माणसाच्या छातीपर्यंत, मागचं एवढंसं, आणि पेडल थेट पुढच्या चाकाला जोडलेलं. पुढच्या चाकाखाली दगड आला की माणूस तोंडावर आपटणार हे ठरलेलं. लवकरच एका मित्राशी पैज लागली, सहा तासांत 100 किलोमीटर जायची. त्या निमित्ताने ते ला शेझ-द्यू या डोंगराळ गावाच्या वाटेला लागले. पैजेपेक्षा त्यांना रस्ता जास्त आवडला. हिशेबाच्या वह्यांपलीकडे काहीतरी आहे, हे कळलं ते तिथे.

रेशमाच्या व्यवहारासाठी ते इंग्लंडला जायचे. तिथलं कोव्हेंट्री हे गाव तेव्हा सायकलच्या कारखान्यांनी गजबजलेलं होतं. पॉल तिथे नव्या सायकली बघायचे आणि त्यांतल्या काही घेऊनही यायचे. हळूहळू रेशीम मागे पडलं आणि सायकल पुढे आली. 1887 मध्ये त्यांनी जमलेला धंदा विकून टाकला, सेंट एतिएनमध्ये सायकलचं दुकान काढलं आणि एक मासिक सुरू केलं, जे पुढे ‘ल सिक्लिस्त’ म्हणून प्रसिद्ध झालं. घरसंसार असलेल्या तिशीतल्या माणसाने चालता धंदा सोडून असलं काही करणं म्हणजे तेव्हाही लोकांनी डोक्याला हात लावला असणार.

मासिकात ते वेलोसिओ या नावाने लिहायचे. कुठून निघालो, किती वाजता निघालो, वारा कुठला होता, काय खाल्लं, कुठल्या गिअरवर चढलो, कुठे भिजलो. आज स्ट्राव्हावर राइड टाकून खाली चार ओळी लिहितात ना, तेच, पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आणि पानंच्या पानं.

आता मुद्द्याचं, म्हणजे गिअरचं.

एव्हाना दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल आली होती. वेलोसिओंनीही ‘ला गॉलॉज’ नावाची तशी सायकल बाजारात आणली. पण तिला गिअर एकच. पेडलचा एक फेरा मारला की सायकल ठरावीक अंतर जाणार, समजा साडेपाच मीटर. सपाटीवर हे मस्त. चढावर मात्र ते जिन्याच्या तीन-तीन पायऱ्या एका वेळी चढण्यासारखं होतं. पाच मिनिटं जमतं, तासभर नाही. मोठी चकती काढून छोटी लावली तर चढाला बरं, पण सपाटीवर पाय नुसते भिंगरीसारखे फिरणार आणि अंतर काही कापलं जाणार नाही.

त्यांना हे कसं सुचलं याची एक गोष्ट सांगितली जाते. वेलोसिओ रेपुब्लिकची खिंड धापा टाकत चढत होते. मागून त्यांच्याच मासिकाचा एक वाचक आला आणि तोंडात पाइप धरून, धूर सोडत आरामात पुढे निघून गेला. संपादकसाहेबांना ते लागलं. जोर तर वाढवता येत नव्हता, मग यंत्रच बदलायला हवं. गोष्टीत मीठमसाला किती ते सोडा, पण त्यानंतर गड्याने गिअरचा ध्यास घेतला हे खरं.

पहिला उपाय अगदी गावठी होता. पुढे एकाला लागून एक अशा दोन चकत्या, एक मोठी आणि एक छोटी. चढ आला की खाली उतरायचं, साखळी हाताने उचलून छोटीवर टाकायची. माथा आला की पुन्हा उतरून मोठीवर. मग सायकलच्या डाव्या बाजूलाही दोन चकत्या बसवल्या, झाले चार गिअर. पुढे न उतरता साखळी सरकवणारी यंत्रं आली, ज्यांना आपण आज डिरेलर म्हणतो.

वेलोसिओंना पुष्कळ ठिकाणी डिरेलरचा जनक म्हटलं जातं. ते तितकंसं बरोबर नाही. इंग्लंडमध्ये आणि फ्रान्समध्ये इतरही लोक त्याच खटपटीत होते. वेलोसिओंचं काम वेगळं होतं. कुणीही नवं यंत्र आणलं की ते आपल्या सायकलला लावायचे, डोंगरात शेकडो किलोमीटर चालवून बघायचे आणि बरं-वाईट सगळं मासिकात छापायचे. सेंट एतिएनमधले कारागीर ते वाचून सुधारणा करायचे. गिअर सुधारले ते असे, रस्त्यावर आणि चिखलात.

विरोधही तितकाच तगडा होता. पॅरिसमध्ये आंरी देग्रांज नावाचे संपादक होते, टूर द फ्रान्स सुरू करणारे. त्यांच्या मते गिअर ही वय झालेल्यांची सोय होती. जिंकायचं ते स्नायूंच्या जोरावर, यंत्राच्या नाही. 1903 ची पहिली टूर द फ्रान्स याच रेपुब्लिकच्या खिंडीतून गेली, ती एकाच गिअरवर. (पुढच्याच वर्षी याच खिंडीत रात्रीच्या अंधारात, आपल्या गावचा गडी पुढे जावा म्हणून लोकांनी बाकीच्या सायकलपटूंना चोप दिला होता. पण तो वेगळा विषय.)

1902 मध्ये फ्रान्सच्या टूरिंग क्लबने पिरेनीज पर्वतात सायकलींची परीक्षा घेतली. तूरमालेच्या 2115 मीटर उंच खिंडीवर शर्यतवाल्यांची नाही, तर प्रवासाच्या सायकलींची. तिथे मार्थ हेस नावाच्या बाईंनी गिअर असलेल्या ला गॉलॉज सायकलवर चढ सर केला. गिअरवाल्या सायकली काय करू शकतात हे दिसलं. पण देग्रांज यांचं मत काही हललं नाही.

या भांडणात तुल्यबळ माणसं होती, पण दोघांचे प्रश्न वेगळे होते. कोण सगळ्यात दणकट, हे देग्रांजना बघायचं होतं. साठीचा माणूस, दुकानदार, एखादी बाई डोंगर ओलांडून संध्याकाळी हसत जेवायला बसू शकते का, हे वेलोसिओंना बघायचं होतं.

गिअर फक्त चढासाठी नसतो, हेही त्यांनी लवकर ओळखलं. समोरून मिस्त्राल वाहत असेल तर सपाट रस्ताही घाटच असतो. वारा उत्तरेचा, त्यामुळे सेंट एतिएनहून प्रोव्हान्सला जाताना तो पाठीला हात लावून ढकलतो आणि परतताना छातीवर बसतो. दरवर्षी ईस्टरला वेलोसिओ आपल्या मित्रमंडळींना घेऊन याच वाटेने दक्षिणेत जायचे. एप्रिलच्या आसपासचे दिवस, खिंडीत कधी बर्फ, खोऱ्यात कधी पाऊस, खाली वसंत. रात्रभर सायकल चालवायची, पहाट रोनच्या काठी बघायची. न झोपता 30-40 तास चालवण्याचे त्यांचे प्रयोग चालायचे आणि तेही पन्नाशी ओलांडल्यावर.

हे अंगमेहनतीचं प्रदर्शन नव्हतं, त्यामागे पक्का हिशेब होता. तो त्यांनी सात नियमांत मांडला. थांबे थोडे आणि छोटे ठेवा, म्हणजे लय तुटत नाही. थोडं-थोडं पण वारंवार खा, भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या. भूक आणि झोप उडेल इतकं थकू नका. घाई करू नका, विशेषतः पहिल्या काही तासांत, जेव्हा अंगात जोर भरपूर वाटतो. निदान प्रवासात तरी मांस, दारू आणि तंबाखू टाळा. (ते स्वतः शाकाहारी होते. फ्रान्समध्ये वाइन सोडायला सांगणं म्हणजे कोल्हापुरात रस्सा सोडायला सांगण्यासारखं.) आणि केवळ दिमाखासाठी कधीही पेडल मारू नका.

सातातला एक नियम हवामानाचा आहे आणि तो आजही बहुतेकांना उमगत नाही. थंडी वाजायच्या आधी अंगावर चढवा, उकडायच्या आधी उतरवा, आणि ऊन, वारा, पाऊस अंगाला लागला तर घाबरू नका. म्हणजे नेमकं काय? माणूस घाट चढताना घामाने ओला होतो. माथ्यावर पोचल्यावर अजून गरम असतो, म्हणून जाकीट न घालता तसाच उतारावर सुटतो. उतारावर पाय थांबतात, अंगात उष्णता तयार होणं थांबतं, वारा मात्र तिप्पट होतो आणि ओले कपडे अंगातली ऊब ओढून घेतात. पाच मिनिटांत बोटं बधिर, ब्रेक दाबायची पंचाईत. थंडी कळली तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून जाकीट माथ्यावर घालायचं, गरज वाटत नसताना. रेपुब्लिकच्या खिंडीत शेकडो वेळा भिजल्याशिवाय असला नियम सुचत नाही.

वय वाढत गेलं तसा त्यांच्याभोवती गोतावळा वाढला. तरुण मुलं यायची, त्यांची पत्रं यायची. एस्परांतो ही जगाची एक भाषा व्हावी यासाठीही ते धडपडायचे. फ्रेंच सरकारने त्यांना लीजन ऑफ ऑनर दिला. 1922 पासून त्यांच्या सन्मानार्थ रेपुब्लिकच्या खिंडीत सायकल चढायचा दिवस साजरा होऊ लागला. त्यात शर्यतवाले, म्हातारे, बायका, पोरं, जोडसायकलवाले सगळे. सत्तरी गाठलेले वेलोसिओही त्या चढावर असायचे.

27 फेब्रुवारी 1930 ला, वयाच्या 76 व्या वर्षी, सेंट एतिएनच्या गर्दीच्या रस्त्यात त्यांना ट्रामची धडक बसली आणि ते गेले. बर्फाच्या खिंडी, रात्रीचे उतार, मिस्त्राल यांतल्या कशानेच त्यांना काही केलं नव्हतं. धडक बसली तेव्हा ते सायकलवर नव्हतेच, सायकल हातात धरून चालत होते. त्या दिवशी सकाळी ते नेहमीप्रमाणे रोमन विचारवंत सेनेका वाचत बसले होते, असं सांगतात.

टूर द फ्रान्समध्ये तेव्हाही डिरेलरला बंदी होती. शर्यतीतले दिग्गज घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, मागचं चाक काढायचे, उलटं फिरवून दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चकतीवर साखळी चढवायचे आणि पुन्हा निघायचे. पावसात, गारठलेल्या बोटांनी. 1936 मध्ये देग्रांज यांनी सूत्रं खाली ठेवली आणि 1937 च्या टूरमध्ये डिरेलरला परवानगी मिळाली. वेलोसिओंना जाऊन सात वर्षं झाली होती.

आज पुण्या-मुंबईत 200, 300, 400, 600 किलोमीटरच्या ब्रेवे होतात. त्या पद्धतीची सुरुवात वेलोसिओंची नाही, ती पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबची. पण याच क्लबने 1947 मध्ये एक वेगळी राइड सुरू केली आणि तिला नाव दिलं ‘फ्लेश वेलोसिओ’, म्हणजे वेलोसिओचा बाण. तीन ते पाच सायकलींचा गट, 24 तास, किमान 360 किलोमीटर आणि कुठेही दोन तासांपेक्षा जास्त थांबायचं नाही. निघायचं कुठूनही. मुक्काम मात्र प्रोव्हान्समध्ये आणि तोही ईस्टरला.