वतनाच्या जोखडातून हक्काच्या कामाकडे

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव घेताच महाडचे चवदार तळे आणि नाशिकचे काळाराम मंदिर आठवते. अहमदनगर, म्हणजेच आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हरेगावचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. सध्याच्या श्रीरामपूर तालुक्यातील या गावी १६ डिसेंबर १९३९ रोजी महार, मांग आदी वतनदारांची परिषद बाबासाहेबांच्या उपस्थितीत भरली. जन्मावरून माथी मारलेल्या कामाचा प्रश्न तेथे ऐरणीवर होता.

कामाच्या ठिकाणचा भेदभाव बाबासाहेबांनी स्वतः सोसला होता. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९१७ साली ते करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कचेरीतील शिपाई विटाळाच्या धास्तीने कागदपत्रे लांबूनच टाकीत. शहरात राहण्यास जागा मिळेना. थोड्याच दिवसांत त्यांना नोकरी सोडून मुंबईला परतावे लागले. १९१८ साली ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तेथेही प्राध्यापकांसाठीच्या भांड्यातील पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली.

एवढ्या विद्वानाची ही गत, तर खेड्यातील वतनदाराचे काय होत असेल? सरकारी सांगावे पोचवणे, ओझी वाहणे, सारा तालुक्याच्या खजिन्यात नेणे, मेलेली जनावरे ओढणे अशी कामे त्याला रात्रंदिवस करावी लागत. तो गावी नसला, तर घरातील दुसऱ्याला जुंपले जाई. मोबदला म्हणजे जमिनीचा तुकडा आणि गावकऱ्यांच्या मर्जीवरचे बलुते. काम नाकारावे, तर जमीन जाण्याची भीती.

१९२३ साली वकिली सुरू केलेले बाबासाहेब १९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद झाले. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. बलुत्याऐवजी ठराविक रोख वेतन मिळावे आणि पूर्ण सारा भरून जमीन राखत चाकरी सोडता यावी, अशी त्याची दिशा होती. विरोधामुळे हे विधेयक पुढे मागे घ्यावे लागले.

शहरातील गिरण्याही भेदभावापासून मुक्त नव्हत्या. कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागत असल्याने विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता आणि तेथेच मजुरी चांगली होती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. अन्याय मालकांप्रमाणेच सोबतचा कामगारही करू शकतो, हे त्यांनी ओळखले होते.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत नगर जिल्ह्यातून या पक्षाचे पी. जे. रोहम विधानसभेत गेले. त्यानंतर दोन वर्षांनी हरेगावची परिषद झाली.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे प्रमुख होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतील आठवड्याचे काम ४८ तासांवर आले. पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी मार्गी लावलेल्या राज्यघटनेत अनुच्छेद १६ ने सरकारी नोकरीत समान संधी दिली, १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि २३ ने वेठबिगारीस बंदी घातली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आली. ते पाहण्यास ते हयात नव्हते.

अनुच्छेद १६ खासगी आस्थापनांना लागू नाही, ही मर्यादा आजही आहे. मात्र अस्पृश्यतेच्या कारणावरून नोकरी-धंद्यास अटकाव करणे हा नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींकडून वेठबिगार करून घेणेही शिक्षापात्र आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

हरेगावी जमलेल्या वतनदारांच्या हाती यातील एकही कायदा नव्हता. आज ते आहेत. ज्याच्यावर अन्याय होतो, त्याच्यापर्यंत ते पोचविणे एवढे काम आपल्याकडे उरले आहे.