हरजीत नसलेल्या खेळाचा शिल्पकार

भातुकलीत कोणी जिंकत नाही आणि कोणी हरतही नाही. सारीपाटात आणि सापशिडीत मात्र सारी भिस्त फाशांवर असते आणि अखेर एकाचीच सरशी होते. सोंग घेण्याची भातुकलीतील गंमत आणि फाशांतील अनिश्चितता एकाच टेबलावर आणणारा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत जन्माला आला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे त्याचे नाव. अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत पसरलेल्या मुंबईच्या उपनगरांतही आज या खेळाचे चाहते आहेत. सुटीच्या दिवशी चार-पाच मित्र एकत्र येतात, टेबलावर फासे पडतात आणि पाहता पाहता रात्र होते. या आनंदाचे श्रेय ज्या दोघांना जाते, त्यांपैकी एक म्हणजे गॅरी गायगॅक्स. दुसरे डेव्ह आर्नेसन.

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स यांचा जन्म २७ जुलै १९३८ रोजी शिकागो येथे झाला. वडील स्वित्झर्लंडहून आलेले स्थलांतरित आणि शिकागो सिम्फनी वाद्यवृंदातील व्हायोलिनवादक होते. रात्री झोपताना मुलाला जादूगार आणि राक्षसांच्या गोष्टी सांगण्याची त्यांना हौस होती. 'चांदोबा'तील वेताळांवर आणि नाथमाधवांच्या 'वीरधवल'वर वाढलेल्या मराठी वाचकाला हे बाळकडू ओळखीचे वाटेल. गॅरी आठ वर्षांचे असताना हे कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहान गावी राहावयास गेले. बुद्धिबळ, पत्ते आणि अद्भुतरम्य कथांची मासिके यांत त्यांचे बालपण गेले. शालेय शिक्षण मात्र पूर्ण झाले नाही.

विवाहानंतर संसाराची जबाबदारी आली आणि गायगॅक्स शिकागोतील एका विमा कंपनीत अंडररायटर म्हणून काम करू लागले. कोणाला कोणता धोका किती, याचा हिशेब मांडणे हे त्यांचे दिवसाचे काम होते. सायंकाळी आणि सुटीच्या दिवशी नकाशांवर ऐतिहासिक लढाया खेळण्याचा छंद त्यांना जडला होता. १९६८ मध्ये त्यांनी लेक जिनिव्हातील हॉर्टिकल्चरल हॉल पन्नास डॉलर भाड्याने घेऊन अशा खेळाडूंचा मेळावा भरविला. 'जेन कॉन' या नावाने तो मेळावा आजही भरतो. पुढच्याच वर्षी तेथे त्यांची मिनेसोटातील तरुण विद्यार्थी डेव्ह आर्नेसन यांच्याशी गाठ पडली.

१९७० मध्ये गायगॅक्स यांची नोकरी गेली. घरात पत्नी आणि मुले होती. बूट-चपला दुरुस्तीची कला शिकून त्यांनी घराच्या तळघरातच तो व्यवसाय सुरू केला आणि उरलेल्या वेळात खेळांचे लेखन चालू ठेवले. १९७१ मध्ये जेफ पेरेन यांच्यासह त्यांनी लिहिलेली 'चेनमेल' ही नियमावली प्रसिद्ध झाली. मध्ययुगीन लढायांच्या या नियमांना त्यांनी ड्रॅगन आणि मांत्रिकांची पुरवणी जोडली होती.

या नियमांचा आधार घेत आर्नेसन यांनी वेगळाच प्रयोग केला. त्यांच्या 'ब्लॅकमूर' या खेळात खेळाडूच्या हाती सैन्य नव्हते. प्रत्येकाने एकच पात्र व्हावयाचे होते. ते पात्र अनुभवाने शहाणे व बलवान होत असे आणि एका बैठकीत अपुरी राहिलेली कथा पुढच्या बैठकीत चालू राही. १९७२ च्या अखेरीस आर्नेसन यांनी हा खेळ गायगॅक्स यांच्या घरी खेळून दाखविला. गायगॅक्स भारावून गेले. त्यांनी 'ग्रेहॉक' हा स्वतःचा काल्पनिक किल्ला रचला आणि त्याच्या तळघरांत पहिले पाऊल टाकले ते त्यांच्या एर्नी आणि एलिस या मुलांनी.

खेळाची पद्धत तशी साधी होती. एक जण 'डंजन मास्टर' होऊन समोर काय दिसते ते सांगतो. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक झालेले बाकीचे आपण काय करणार ते सांगतात. तो बेत तडीस जातो की नाही, हे फासे ठरवितात. शालेय साहित्याच्या कॅटलॉगमध्ये सापडलेला वीस पैलूंचा फासा पुढे या खेळाची ओळखच बनला. धोक्याचे गणित मांडण्याची विमा कार्यालयातील सवय येथे कामी आली, असे म्हणता येईल.

प्रस्थापित प्रकाशकांनी हा खेळ नाकारला. तेव्हा १९७३ मध्ये गायगॅक्स आणि त्यांचे बालमित्र डॉन के यांनी स्वतःच कंपनी काढली. के यांनी आपल्या आयुर्विम्यावर एक हजार डॉलरचे कर्ज काढले. लवकरच ब्रायन ब्लूम हेही भागीदार झाले. तीन पुस्तिकांच्या पहिल्या एक हजार पेट्या घरातच हाताने भरल्या गेल्या. किंमत होती दहा डॉलर. वर्षभराच्या आतच त्या संपल्या.

यश आले, पण त्याची किंमतही मोजावी लागली. १९७५ च्या प्रारंभी डॉन के यांचे हृदयविकाराने निधन झाले. त्यानंतर कंपनीचे बहुसंख्य भाग ब्लूम कुटुंबाकडे गेले. श्रेय आणि मानधनावरून आर्नेसन यांनी १९७९ मध्ये न्यायालयात धाव घेतली. १९८१ मध्ये तडजोड झाली. मैत्रीतून जन्मलेल्या खेळाचे दोन्ही कर्ते एकमेकांविरुद्ध उभे राहावेत, ही या कहाणीतील सर्वांत दुःखद बाब होय. १९८० च्या दशकात हा खेळ मुलांना सैतानपूजेकडे नेतो, असा आरोप अमेरिकेत झाला. गायगॅक्स यांनी जाहीरपणे खेळाची बाजू मांडली.

१९८५ मध्ये कंपनीची सूत्रे लॉरेन विल्यम्स यांच्याकडे गेली. गायगॅक्स यांचा न्यायालयीन लढा निष्फळ ठरला आणि १९८६ मध्ये त्यांनी कंपनीचा कायमचा निरोप घेतला. पुढे १९९२ मध्ये त्यांचा 'डेंजरस जर्नीज' हा नवा खेळ आला, तेव्हा त्यांनीच स्थापन केलेल्या कंपनीने त्यांच्यावर दावा गुदरला. अखेर १९९७ मध्ये ती कंपनीही 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट'च्या मालकीची झाली.

सारे काही हातचे गेल्यावरही गायगॅक्स यांनी खेळणे सोडले नाही. लेक जिनिव्हातील त्यांच्या घरी खेळाडू येत आणि फासे पडत. २००४ मध्ये पक्षाघाताचे झटके आल्यानंतरही हा क्रम पूर्णतः थांबला नाही. ४ मार्च २००८ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. वर्षभराने, एप्रिल २००९ मध्ये आर्नेसनही गेले.

कंपनी, हक्क आणि मालकी यांच्या पटावर गायगॅक्स हरले, हे मान्य करावे लागेल. मात्र त्यांचा खेळ कोणाच्या मालकीचा राहिला नाही. चार माणसे, थोडे फासे आणि एक गोष्ट एवढे जमले, की तो कोठेही सुरू होतो. त्यांच्या अंत्यसंस्कारानंतर जमलेले मित्र आणि चाहते रीतसर श्रद्धांजली वाहून पांगले नाहीत. ते गावातील सभागृहात टेबलांभोवती बसले आणि खेळले. त्यातूनच २००९ पासून लेक जिनिव्हात 'गॅरी कॉन' हा वार्षिक मेळावा सुरू झाला.