सरफोजीराजांचा धन्वंतरी महाल

अठराव्या शतकाच्या अखेरीस तंजावरच्या मराठी राजघराण्यापुढे वारसाचा प्रश्न उभा राहिला. तुळजाराजांची अपत्ये त्यांच्या हयातीतच निवर्तली होती. म्हणून १७८७ मध्ये, मृत्यूपूर्वी, त्यांनी भोसले कुळातील सरफोजींना दत्तक घेतले. सरफोजींचा जन्म १७७७ सालचा. म्हणजे ते त्या वेळी अवघे नऊ-दहा वर्षांचे होते. मात्र हे दत्तविधान अशास्त्रीय ठरवले गेले आणि तुळजाराजांचे सावत्र बंधू अमरसिंग गादीवर आले. पोरक्या राजपुत्राचे रक्षण आणि शिक्षण श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने केले. अखेर १७९८ मध्ये सरफोजींना गादी मिळाली. पण पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला.

सत्ता गेली, तरी रामेश्वरच्या वाटेवरील छत्रे आपल्याकडेच राहावीत, असा आग्रह राजांनी धरला. १८०१ मध्ये त्यांनी इंग्रज रेसिडेंटला छत्रांचे कार्य सविस्तर कळवले. तेथे केवळ अन्नदान होत नसे. आश्रयास आलेल्या गर्भवतीला औषधोपचार मिळत आणि प्रसूतीनंतर तीन महिने तिला तेथे राहता येई. त्या काळी प्रवासात बाळंत होणे किती जिवावरचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या सोयीचे मोल कळते.

राजांनी धन्वंतरी महाल ही वैद्यकसंस्था उभारली. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक यांचा एकत्र अभ्यास चाले. उपयुक्त वाटलेले उपचार तमिळ पद्यात ग्रथित करण्यात आले. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संग्रहात गर्भिणी आणि बालक यांच्या रोगांवरील चिकित्साही आहे. राजघराण्यातच बालमृत्यूचे दुःख भोगलेले असल्याने या विषयाकडे लक्ष जावे, हे स्वाभाविकच होय. नेत्ररोग्यांच्या नोंदी तर विलक्षणच म्हणाव्या लागतील. रोग्याची लक्षणे आणि उपचार इंग्रजीत लिहून ठेवलेले, आणि सोबत त्याच्या डोळ्यांची रंगीत चित्रे!

१८३२ मध्ये सरफोजीराजांचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुरुष वारसाविना वारले आणि कंपनीने तंजावरची गादी खालसा केली. धन्वंतरी महालातील ग्रंथ आणि रोग्यांच्या नोंदी मात्र तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जतन केलेल्या आहेत.