जॉन वुलमन, माउंट हॉलीचा शिंपी

गुलामांचा व्यापार बंद करविण्यासाठीं विल्यम विल्बरफोर्स यानें इंग्लंडच्या पार्लमेंटांत वर्षानुवर्षें केलेली खटपट आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक आहे. तो व्यापार कायद्यानें बंद झाला तें साल १८०७. परंतु विल्बरफोर्स जन्मास येण्यापूर्वींच अमेरिकेंतील एका लहानशा गांवीं एक साधा माणूस ह्या कामास लागला होता. त्याला ना पदवी, ना अधिकार. कांहीं वर्षें दुकान चालवून पुढें तो शिंपीकामावर पोट भरीत असे. त्याचें नांव जॉन वुलमन. सभा गाजविणाऱ्या थोर पुरुषांचीं चरित्रें पुष्कळ लिहिलीं गेलीं आहेत. ह्या शिंप्याचें चरित्र आम्ही मुद्दाम निवडलें आहे, कारण त्यानें जें केलें त्यांतील बहुतेक खेड्यांतील ख्रिस्ती माणसाच्या हातून होण्यासारखें आहे.

वुलमनचा जन्म १७२० सालीं न्यू जर्सी प्रांतांत एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. तो प्रांत तेव्हां इंग्रजांची वसाहत होता. आईबाप क्वेकर पंथाचे. ह्या पंथाचे लोक आपणांस मित्रसमाज म्हणवितात. त्यांच्यांत पगारी पाळक नसे. उपासनेच्या वेळीं सर्वजण निवांत बसत, आणि ज्यास आत्म्याची प्रेरणा होई तो उठून बोले. ते शपथ वाहत नसत व लढाईस जात नसत. जॉन लहान असतां त्यानें खेळतां खेळतां धोंडा मारून एक पक्षीण ठार केली. घरट्यांत तिचीं पिलें होतीं. तीं उपाशीं तडफडून मरतील ह्या विचारानें त्यानें झाडावर चढून तींहि मारून टाकिलीं. ही खंत त्यानें पुढें आपल्या रोजनिशींत लिहून ठेविली आहे.

वयाच्या एकविसाव्या वर्षीं घर सोडून तो माउंट हॉली गांवीं एका दुकानदाराकडे दुकान संभाळण्यास व हिशेब लिहिण्यास राहिला. १७४२ च्या सुमारास धन्यानें आपल्या घरची एक काळी गुलाम स्त्री विकली, व तिचें खरेदीखत लिहून देण्यास ह्या कारकुनास सांगितलें. घेणारा खोळंबून राहिला होता. तो म्हातारा गृहस्थ मित्रसमाजाचाच सभासद होता. वेळ थोडा, हुकूम धन्याचा, आणि गिऱ्हाईक आपल्याच मंडळीचें. वुलमननें खत लिहिलें. परंतु त्याचें मन इतकें खिन्न झालें कीं, माणसास गुलाम करून ठेवणें ख्रिस्ती धर्माशीं जुळत नाहीं असें आपणांस वाटतें, हें त्यानें धन्यासमोर व त्या म्हाताऱ्यासमोर बोलून दाखविलें. एवढें बोलल्यानें त्याला थोडें हलकें वाटलें. तरी पुढें जेव्हां जेव्हां तो प्रसंग आठवे, तेव्हां तेव्हां ह्या कामांतून मोकळें करण्याची विनंती आपण कां केली नाहीं, ही बोचणी त्याला लागे. कांहीं काळानें त्याच समाजांतील एका तरुणानें तसेंच खत लिहून मागितलें, तेव्हां मात्र त्यानें ममतेनें पण स्पष्टपणें नकार दिला.

ह्या प्रसंगाचें मर्म समजण्यास त्या काळची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसें जहाजांत कोंबून आणीत व गुरांप्रमाणें विकीत. मित्रसमाजांतील पुष्कळ सधन लोकांच्या घरीं गुलाम असत. १६८८ सालीं पेन्सिल्व्हेनियांतील जर्मनटाउन येथील चार सभासदांनीं ह्याविरुद्ध एक लेख लिहून सभेपुढें ठेविला होता. पण तो ह्या सभेकडून त्या सभेकडे फिरत गेला, आणि प्रश्न फार मोठा आहे असें ठरून बाजूस राहिला. ज्यांच्या घरीं एकहि गुलाम नव्हता असेहि सभासद होते. ते कनवाळू होते. काळ्या माणसास ते शिवी देत नसत, त्याला फटके बसलेले ऐकून हळहळत, आणि ह्या पापांत आपला हात नाहीं असें समजत. परंतु शेजाऱ्याच्या मृत्युपत्रावर साक्ष घालण्यास, त्याच्या गुलामानें वाढलेलें अन्न जेवण्यास आणि मजुरी न देतां पिकविलेली साखर विकत घेण्यास त्यांना अडचण पडत नसे. वुलमनहि त्या दिवसापर्यंत असाच एक होता. तरी एक बाई ह्या घरांतून त्या घरांत विकली गेली ती आपल्या लेखणीनें, हें त्याला दिसलें. आमच्या मतें त्याच्या आयुष्याचें खरें वळण तेंच. पुढील तीस वर्षें आपला हात आणखी कोठें कोठें लागला आहे हें तो शोधीत गेला.

लोक मृत्युपत्रें लिहविण्यास वुलमनकडे येत, व ह्या कामांत मिळकतहि चांगली होई. एका प्रतिष्ठित वृद्धास आपले गुलाम मुलांच्या नांवें करून द्यावयाचे होते. वुलमननें तें लिहिण्याचें नाकारलें व कारण सांगितलें. वृद्धानें दुसऱ्याकडून लिहवून घेतलें. कांहीं वर्षांनीं तोच पुन्हां आला. मुलगा पूर्वीं उनाड होता, तो आतां सुधारला. तेव्हां वुलमनची हरकत उरली नसेल अशी त्याची समजूत होती. वुलमननें पुन्हां नकार दिला. दोघांचें प्रेमानें बोलणें झालें, आणि थोड्या दिवसांनीं वृद्धानें येऊन गुलामांस स्वातंत्र्य देण्याचें लिहविलें.

दुसरा एक शेजारी दुखापतीनें अंथरुणास खिळला होता. तेव्हांच्या पद्धतीप्रमाणें वुलमननें त्याचें रक्त काढिलें व मृत्युपत्राचा मजकूर टिपून घेतला. घरीं येऊन त्यानें सर्व लिहिलें. फक्त एका तरुण गुलाम मुलीला आजाऱ्याच्या एका लेकराच्या नांवें करण्याचें कलम सोडून दिलें. मग तो कागद घेऊन तो शेजाऱ्याच्या बिछान्यापाशीं गेला. लिहिणावळ घेणार नाहीं असें त्यानें सांगितलें, आणि हें एक कलम आपल्याच्यानें लिहवत नाहीं, हेंहि सांगितलें. दोघांचें गंभीर बोलणें झालें. आजाऱ्यानें मुलीला मुक्त करण्याचें कबूल केलें, तेव्हां वुलमननें तें मृत्युपत्र पुरें करून दिलें. नुसता नकार देऊन तो घरीं बसला असता तर त्याचें मन निर्दोष राहिलें असतें, मृत्युपत्र दुसऱ्या कोणी लिहिलें असतें, आणि मुलगी गुलामच राहिली असती.

१७४६ सालीं एका सोबत्याबरोबर तो घोड्यावरून मेरीलंड, व्हर्जिनिया व कॅरोलिना ह्या प्रांतांकडे गेला. तीन महिन्यांत सुमारें १५०० मैल प्रवास झाला. तेथें जें पाहिलें त्यावरून त्यानें गुलाम ठेवण्याविषयीं एक निबंध लिहिला, पण तो लागलाच छापला नाहीं. १७५० त बापानें शेवटच्या दुखण्यांत आपण होऊन त्या निबंधाची आठवण काढिली व तो प्रसिद्ध करण्याविषयीं आस्था दाखविली. १७५४ त तो फिलाडेल्फिया येथें छापला गेला, व दुसरा भाग १७६२ त निघाला. ह्या दुसऱ्या भागाचा खर्च समाजाच्या फंडांतून करण्यास पुढारी तयार होते. वुलमननें तें घेतलें नाहीं. त्या फंडांत गुलाम ठेवणाऱ्यांचीहि वर्गणी होती. शिवाय पदरचे पैसे देऊन पुस्तक घेणारा तें मन लावून वाचतो असें त्याला वाटे. पुस्तकें फुकट वांटणाऱ्या आमच्या बंधूंस ह्या गोष्टीचा अनुभव असेलच.

दुसऱ्या भागांतील एक विचार विशेष महत्त्वाचा आहे. काळा रंग पाहिला कीं दास्य आठवावें, गोरा रंग पाहिला कीं स्वातंत्र्य, अशी सांगड लोकांच्या मनांत पक्की बसली होती. वुलमननें वाचकांपुढें एक कल्पना ठेविली. अगदीं हलक्या कुळांतील एक गोरें मूल पोरकें झालें, आणि ज्याच्या हातीं तें लागलें त्यानें त्याला गुलाम करून ठेविलें, तर लोक त्या मनुष्यास अन्यायी म्हणतील. तेच लोक प्रामाणिक व गुणी अशा काळ्या माणसांवर ह्याहून मोठा अन्याय होत असतां स्वस्थ बसतात. तेव्हां दोष काळ्या रंगाचा नव्हे. पाहणाऱ्याच्या डोळ्यांस जडलेल्या संवयीचा आहे. आणि आम्हांस असें दिसतें कीं, ही संवय गुलाम ठेवणाऱ्यांइतकीच न ठेवणाऱ्यांसहि जडली होती, नाहीं तर ते इतके स्वस्थ राहते ना. त्याचा मित्र अँथनी बेनेझेट हा १७५० पासून फिलाडेल्फियांत संध्याकाळीं काळ्या मुलांस शिकवीत होता, आणि बुद्धींत हीं मुलें गोऱ्या मुलांहून कमी नाहींत असें अनुभवानें सांगत होता.

इकडे वुलमनचें स्वतःचें दुकान वाढूं लागलें, तसें त्याला त्याचें भय वाटूं लागलें. १७५६ त त्यानें व्यापार सोडला, आणि शिंपीकाम व सफरचंदाची बाग ह्यांवर पत्नी सारा व एक मुलगी ह्यांचा संसार चालविला.

१७५७ त तो पुन्हां दक्षिणेकडे गेला, तेव्हां त्याच्यापुढें एक नवी अडचण उभी राहिली. प्रवासी उपदेशकाला समाजाच्या लोकांच्या घरीं जेवण व बिछाना फुकट मिळे. घरचें काम तर गुलाम करीत. म्हणजे ह्या पाहुणचाराचें मोल यजमान देत नव्हता, त्याचे गुलाम देत होते. वुलमननें चांदीचीं लहान नाणीं बरोबर घेतलीं. निघतांना तो तीं यजमानाच्या हातीं देऊन गुलामांस वांटण्यास सांगे, किंवा स्वतः त्यांच्या हातांत ठेवी. पाहुण्यानें पैसे देऊं करणें यजमानास अपमानाचें, आणि वुलमन तर स्वभावानें भिडस्त. त्याला हें फार जड गेलें. परंतु आश्चर्य असें कीं, राग मानणारे फारच थोडे निघाले.

१७५८ सालीं फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेंत हा प्रश्न निघाला. गुलामगिरी चांगली आहे असें उघडपणें कोणीच म्हणालें नाहीं. सर्वांस ती वाईटच वाटत होती. मात्र देव पुढें कधीं तरी मार्ग दाखवील, तोंवर धीर धरावा, असें कित्येकांचें म्हणणें पडलें. वुलमन बराच वेळ स्तब्ध होता. मग उठून त्यानें सांगितलें कीं, ह्या पिडलेल्या लोकांचा आक्रोश परात्पराच्या कानीं गेला आहे. आणि कांहींजणांच्या खासगी लाभाकडे किंवा त्यांच्या मैत्रीकडे पाहून आपण कर्तव्य लांबणीवर टाकिलें, तर देव भयंकर रीतीनें ह्याचें उत्तर देईल. सभेनें गुलामांची खरेदीविक्री करणाऱ्यांस समाजाच्या कारभारांतून दूर ठेवण्याचें ठरविलें, व गुलाम ठेवणाऱ्या सभासदांच्या घरीं जाऊन बोलण्यासाठीं कांहींजण नेमिले. त्यांत वुलमन होता. एखाद्या ठरावास हात वर करणें सोपें असतें. ज्याच्या पंक्तीस आपण जेवलों त्याच्या दारीं जाऊन हा विषय काढणें किती कठीण, हें पाळकाचें काम करणाऱ्या आम्हांस चांगलें समजतें.

दुसऱ्यांस सांगणाऱ्या ह्या माणसाच्या शिरावरहि एक जुनें ऋण होतें. पूर्वीं एका मृत गृहस्थाच्या मिळकतीची व्यवस्था पाहतांना त्यानें एक काळा मुलगा, वयाचीं तीस वर्षें पुरीं होईपर्यंतच्या मुदतीनें, विकला होता. तेव्हां त्याला त्यांत कांहीं वावगें दिसलें नव्हतें. पण पुढें उपासनेंत निवांत बसला असतां तो मुलगा त्याच्या डोळ्यांपुढें येई. अखेर १७६९ च्या सुमारास, मुदतीच्या शेवटल्या साडेचार वर्षांचें योग्य मोल आपण घेणाऱ्यास देऊं, म्हणजे मुलगा तितका आधीं मोकळा होईल, असा लेख त्यानें करून दिला. ज्या हातानें खरेदीखत लिहिलें होतें त्याच हातानें हा कागद लिहिला. वेस्ट इंडीज बेटांतील साखर व रम त्यानें एके काळीं आपल्या दुकानांत विकली होती. ती साखर गुलामांच्या श्रमाची म्हणून तो ती खाईनासा झाला. रंग न दिलेल्या कापडाचे कपडे व तशीच टोपी तो घाली, आणि ह्यामुळें त्याच्या मित्रांसहि तो चमत्कारिक वाटे. ह्या शेवटल्या गोष्टीविषयीं आमचा आग्रह नाहीं. रंग मळ झांकतो, हें त्याचें एक कारण होतें. तें आमच्या मंडळींतील बायांस पटेल असें वाटत नाहीं.

१७७२ त तो इंग्लंडास गेला. जहाजांतील चांगल्या खोलीवर व्यर्थ नक्षीकाम होतें म्हणून त्यानें खलाशांजवळ खालच्या भागांत राहून प्रवास केला. इंग्लंडांत टपालाच्या गाड्यांचे घोडे मरेपर्यंत पिटाळतात, आणि त्यांवर बसणारीं मुलें थंडीनें गारठतात, असें ऐकून तो गांवोगांव पायींच फिरला. यॉर्क शहरीं त्याला देवी आल्या. ७ ऑक्टोबर १७७२ रोजीं, वयाच्या ५१ व्या वर्षीं, तो प्रभूमध्यें झोंपीं गेला.

त्याची रोजनिशी १७७४ त छापली गेली. १७७६ त फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनें गुलाम न सोडणाऱ्या सभासदांस समाजांतून काढण्याचें ठरविलें. सर्व अमेरिकेंत कायद्यानें गुलामगिरी बंद होण्यास १८६५ साल उजाडावें लागलें; त्या मानानें ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु तेवढ्यानें काम पुरें झालें नव्हतें. त्याच फिलाडेल्फियांत, आर्च स्ट्रीटवरील मित्रसमाजाच्या उपासनागृहांत, काळ्या लोकांसाठीं एक वेगळा बाक असे. वेगळी बसावयाची जागा म्हणजे काय, हें खेड्यांतील आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. ग्रेस डग्लस नांवाची एक काळी बाई तेथें उपासनेस जाई, व आपली मुलगी सारा हिला बरोबर नेई. कोणी गोरा मनुष्य त्या बाकावर बसूं नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांस एकेक सभासद बसत असे. ही सारा मॅप्स डग्लस पुढें शिक्षिका म्हणून नांवाजली. १८३७ सालीं, म्हणजे मित्रसमाजांत गुलाम ठेवण्यास मनाई होऊन साठ वर्षें लोटल्यावर, तिनें ही सर्व हकीकत एका पत्रांत लिहिली. हा बाक काळ्यांचा, असें लहानपणीं तेथें कानीं पडे तेव्हां ती कधीं रडे, कधीं तिला संताप येई. ती स्वतः चार वर्षांपासून तेथें जाईनाशी झाली होती. तिची आई मात्र आठवड्यांतून एकदां जात असे, आणि पुष्कळदां तो सबंध लांब बाक तिच्या एकटीसाठीं मोकळा असे.