हिंगण्याची वाट

राखेच्या बुधवारी केलेले संकल्प तिसऱ्या आठवड्यात कोठे जातात, हा प्रश्न प्रत्येक धर्मगुरूला पडतो. पहाटे उठून फेरफटका, गोडधोड व मद्य वर्ज्य, रात्री जपमाळ असा उत्साहाने आरंभ होतो आणि ऊन वाढू लागले की सारे शिथिल होते. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या तपस्व्याने या अवस्थेचे बारकाईने वर्णन केले आहे. भर दुपारी साधूला कोठडी नकोशी होते, सूर्य जागचा हलत नाही असे वाटते आणि हाती घेतलेले व्रत निरर्थक भासू लागते. ख्रिस्तसभेच्या परंपरेत तिला अकेदिया असे नाव आहे.

या अवस्थेचा विचार करताना आम्हांला आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातील एका पुरुषाची आठवण होते. महर्षी धोंडो केशव कर्वे ख्रिस्ती नव्हते. तथापि सातत्य म्हणजे काय, हे त्यांच्या चरित्रातून जसे कळते तसे क्वचितच अन्यत्र कळेल.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातील शेरवली येथे झाला व बालपण दापोलीजवळच्या मुरुड गावी गेले. घरची परिस्थिती बेताची. १८७५ साली परीक्षेसाठी ते सोबत्यांसह डोंगरवाटांनी शंभराहून अधिक मैल पायी चालून साताऱ्यास पोहोचले. मात्र अंगाने लहानखुरे असल्याने त्यांचे वय सतरा वर्षांचे वाटत नाही, या कारणास्तव त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. एवढ्या पायपिटीनंतर रिकाम्या हाती परतणे सोपे नव्हते. ते परतले, अभ्यास चालू ठेवला आणि पुढे कोल्हापूरहून ती परीक्षा उत्तीर्ण झाले. मॅट्रिक होईपर्यंत तेवीस वर्षांचे झाले होते. १८८४ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते गणित घेऊन पदवीधर झाले.

१८९१ साली त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. त्याच वर्षी ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. (रत्नागिरीतच जन्मलेल्या टिळकांनी तेथील संबंध तोडल्यावर गणिताची जागा रिकामी झाली होती. प्रकृती सुधारण्यासाठी महाविद्यालयाचे एक वर्ष तालमीला देणारे टिळक हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) ११ मार्च १८९३ रोजी अण्णासाहेबांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी पुनर्विवाह केला आणि मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या गावावर त्यांचा एवढा जीव होता, त्याच गावाची दारे बंद झाली.

१८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. प्लेगच्या दिवसांत तो शहराबाहेर नेणे भाग पडले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथे सहा एकर जमीन व झोपडीसाठी साडेसातशे रुपये दिले, आणि १९०० साली आश्रम तेथे गेला. अण्णासाहेबांची नोकरी मात्र पुण्यातच होती. दिवसभर गणित शिकवावे, सायंकाळी सुमारे चार मैल चालत हिंगण्यास जावे, लागणारे सामान सोबत न्यावे, मुलींना शिकवावे आणि सकाळी पुन्हा पुण्याची वाट धरावी, असा क्रम त्यांनी दोनेक वर्षे चालविला. पावसाळ्यात ती वाट चिखलाने भरून जाई. चिखल तुडवायला दररोज मन उत्सुक असेल, असे आम्हांला वाटत नाही. बहुधा त्यांनी मनाला विचारलेच नसावे. सायंकाळ झाली की पाय निघत.

या क्रमाची किंमत घरच्यांनीही मोजली, हे लपविण्यात अर्थ नाही. बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेलेल्या गोदूबाईंनी मुलांचा व प्रपंचाचा भार वाहिला आणि सुईणपणाचे शिक्षणही घेतले. घरातील एकाचे व्रत अनेकदा दुसऱ्याच्या खांद्यावर उभे असते. आपल्या धर्मग्रामातील पुरुष मंडळींनी याचा विचार करावा.

आणखी एक गोष्ट. अण्णासाहेब स्वभावाने अत्यंत लाजाळू होते. सभेत बोलणे त्यांना जड जाई. तरी वर्गणीसाठी ते गावोगाव हिंडले. मिळकतीचा ठराविक अंश धर्मादायासाठी बाजूला काढण्याची सवय त्यांनी ऐपत नसतानाच लावून घेतली होती. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. १९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, विद्यापीठाची माहिती देण्यासाठी ते युरोप, अमेरिका व जपानच्या प्रवासास निघाले.

१९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. विद्यापीठाचा हा संस्थापक आता पुण्यात घरोघरी जाऊन चार-दोन आण्यांची वर्गणी गोळा करू लागला. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशे चार वर्षांचे असताना, पुण्यात त्यांचे निधन झाले. हिंगण्याच्या त्या माळावर आज कर्वेनगर उभे आहे.