सार्जंट ॲल्विन यॉर्क

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, डोंगरांच्या कुशीत, पॉल मॉल नावाचे एक लहानसे खेडे आहे. या खेड्यात १३ डिसेंबर १८८७ रोजी ॲल्विन यॉर्कचा जन्म झाला. वडील शेती करीत आणि लोहारकामही करीत. घरात अकरा भावंडे. त्यामुळे अन्नवस्त्राचीच विवंचना, तेथे शिक्षण कोठून मिळणार? ॲल्विनला एक वर्षभरही शाळा लाभली नाही. मात्र वडिलांबरोबर रानोमाळ शिकार करता करता तो अचूक नेमबाज झाला.

१९११ साली वडील वारले आणि आईचा व धाकट्या भावंडांचा भार त्याच्यावर पडला. तो कष्टाळू होता. पण मद्य आणि जुगार यांच्या नादी लागला होता. आईला याचे फार दुःख होई. अखेर १९१५ च्या आरंभी त्याने ही दोन्ही व्यसने सोडली, ती कायमची. तो गावच्या चर्चमध्ये नेमाने जाऊ लागला, प्रार्थनागीते गाऊ लागला आणि रविवारी मुलांना धर्मपाठ शिकवू लागला. मनुष्यहत्या हे पाप होय, अशी त्या पंथाची शिकवण होती.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सक्तीची सैन्यभरती सुरू झाली. धर्माच्या आज्ञेमुळे आपणांस वगळावे, असा अर्ज ॲल्विनने केला. पण तो नामंजूर झाला. देशाची आज्ञा पाळावी की धर्माची? जॉर्जियातील छावणीत हा प्रश्न त्याला सतत छळीत होता. त्याचे वरिष्ठ अधिकारी डॅनफर्थ आणि बक्स्टन यांनी त्याला धाकदपटशा दाखवला नाही. त्यांनी त्याच्याशी बायबलमधील वचनांवर शांतपणे चर्चा केली आणि विचार करण्यासाठी त्याला घरी जाण्याची रजा दिली. गावाजवळच्या डोंगरावर जाऊन त्याने एकांतात प्रार्थना केली. शांतता प्रस्थापित करण्यासाठी लढणे हे पाप नव्हे, असा त्याच्या मनाचा निश्चय झाला आणि तो छावणीत परतला.

८ ऑक्टोबर १९१८ रोजी फ्रान्समधील आर्गोनच्या अरण्यात त्याची कसोटी लागली. सतरा जणांची एक तुकडी जर्मन फळीच्या मागे पोहोचली. इतक्यात टेकडीवरून मशीनगनचा मारा सुरू झाला. सहा सैनिक ठार झाले, तिघे जखमी झाले आणि उरलेल्यांचे नेतृत्व यॉर्ककडे आले. नेम धरून गोळी झाडता झाडता शरण येण्याविषयी तो शत्रूला ओरडून सांगत होता. शेवटी जर्मन अधिकाऱ्याने शरणागती पत्करली. अवघ्या आठ जणांनी १३२ कैदी छावणीत आणले. दुसऱ्या दिवशी यॉर्क पुन्हा त्या जागी गेला. कोणी जखमी जिवंत आहे काय, याचा त्याने शोध घेतला आणि मृतांसाठी प्रार्थना केली.

त्याला मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेतील शौर्याचे सर्वोच्च पदक मिळाले. १९१९ साली न्यूयॉर्क शहराने त्याचे जंगी स्वागत केले. आपल्या नावाचा उपयोग करू द्यावा म्हणून धनिकांनी त्याच्यापुढे द्रव्याची रास ओतली. परंतु युद्धात घडलेल्या गोष्टींचा व्यापार करणे त्याला रुचले नाही. तो तडक गावी परतला आणि त्याची वाट पाहत असलेल्या ग्रेसी विल्यम्सशी ७ जून १९१९ रोजी त्याने विवाह केला.

शिक्षणावाचून माणसाची किती कुचंबणा होते, हे त्याने परदेशी अनुभवले होते. डोंगरातील मुलांसाठी शाळा काढायची, हा ध्यास त्याने घेतला. गावोगाव व्याख्याने देऊन त्याने पैसा जमवला आणि १९२६ साली जेम्सटाउन येथे विद्यालयाची स्थापना केली. पुढे पैसा अपुरा पडू लागला, तेव्हा त्याने स्वतःची शेतजमीन गहाण टाकली. १९३७ साली हे विद्यालय राज्य सरकारने आपल्याकडे घेतले. ते आजही चालू आहे.

१९५४ साली पक्षाघात होऊन तो अंथरुणाला खिळला. त्यातच कराचे मोठे देणे डोक्यावर होते. १९६१ साली लोकांनी वर्गणी जमवून ते फेडले. २ सप्टेंबर १९६४ रोजी त्याचे निधन झाले आणि गावच्याच दफनभूमीत त्याने चिरविश्रांती घेतली.

यॉर्कला जगाने रणशूर म्हणून ओळखले. त्याला स्वतःला मात्र रणातील पराक्रमापेक्षा मुलांसाठी उभारलेल्या विद्यालयाचा अभिमान अधिक वाटत असे.