तारामाशाला टोचलेला काटा : पांढऱ्या पेशींचे काम ओळखणारे इल्या मेचनिकोव्ह

पायात काटा मोडतो. कामाच्या गडबडीत तुम्ही त्याकडे दुर्लक्ष करता. दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, ठणकू लागते. आणखी एक-दोन दिवसांत तिथे पू धरतो. अशा वेळी दवाखान्यात आलेले अनेक जण मला विचारतात, की आपले रक्त खराब झाले आहे का?

रक्त खराब झालेले नसते. उलट, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे कामावर हजर झालेल्या असतात. पू म्हणजे मुख्यतः जंतूंशी लढताना मेलेल्या याच पेशी, काही जंतू आणि खराब झालेल्या ऊतींचे अवशेष. आज हे आपल्याला साधे वाटते. पण दीडशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांचे मत याच्या नेमके उलट होते. ते बदलले एका प्राणिशास्त्रज्ञाने. त्यांचे नाव इल्या मेचनिकोव्ह.

घरातला आजार

मेचनिकोव्ह यांचा जन्म १८४५ साली, आजच्या युक्रेनमधील खारकीव्हजवळ झाला. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत संपवला आणि पुढे ते ओडेसा विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांचा विषय होता समुद्रातले लहान लहान प्राणी. रुग्ण तपासणे हे त्यांचे काम कधीच नव्हते.

आजारपण मात्र त्यांच्या घरात होते. १८६९ मध्ये त्यांचे लग्न झाले, तेव्हा पत्नी ल्युडमिला क्षयरोगाने इतकी अशक्त झाली होती, की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. हवापालटासाठी ते तिला घेऊन ठिकठिकाणी फिरले. पण १८७३ मध्ये ती गेली. त्या धक्क्यात मेचनिकोव्ह यांनी स्वतःचा जीव देण्याचा प्रयत्न केला. त्यातून ते वाचले.

१८७५ मध्ये त्यांनी ओल्गाशी लग्न केले. काही वर्षांनी तिला टायफॉइडने गाठले. ती बरी झाली, पण मेचनिकोव्ह पुन्हा निराशेत गेले. त्या अवस्थेत त्यांनी उलटून येणाऱ्या एका तापाच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले आणि गंभीर आजारी पडले. त्यातूनही ते बरे झाले. घरात दीर्घ आजार असला की सांभाळणाऱ्या माणसाच्या मनावर किती ताण येतो, हे तुमच्यापैकी अनेकांना अनुभवाने माहीत असेल. अशा वेळी त्या माणसालाही मदत लागते. ती मागण्यात कमीपणा नाही.

मेसिनातला तो दिवस

१८८२ मध्ये विद्यापीठातल्या कुरबुरींना कंटाळून त्यांनी नोकरी सोडली आणि कुटुंबासह ते इटलीतल्या मेसिना या बंदराच्या गावी राहायला गेले. तिथे एके दिवशी घरातली मंडळी सर्कस बघायला गेली होती. मेचनिकोव्ह एकटेच सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाची पारदर्शक अळी बघत बसले होते. तिच्या अंगात काही पेशी इकडून तिकडे फिरताना दिसत होत्या. या पेशी अन्नाचे कण गिळतात हे त्यांना माहीत होते. मग शरीरात घुसलेल्या शत्रूवरही त्या धावून जात असतील का?

त्यांनी बागेतल्या गुलाबाचे काटे आणले आणि अळीच्या अंगात टोचले. रात्रभर त्यांना झोप आली नाही. सकाळी पाहिले, तर काट्याभोवती त्या फिरत्या पेशींचा गराडा पडला होता.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तारामाशाच्या अळीला रक्तवाहिन्या नसतात. तोपर्यंत डॉक्टर सूज म्हणजे रक्तवाहिन्यांचा बिघाड समजत असत. जिथे रक्तवाहिन्याच नाहीत तिथेही पेशी जमतात, याचा अर्थ सूज हा मुळात बिघाड नसून शरीराचा बचाव आहे, असे मेचनिकोव्ह यांनी मांडले. पांढऱ्या पेशी जंतूंना उचलून शरीरभर पसरवतात, ही त्या काळची समजूत होती. तिलाही त्यांनी आव्हान दिले. जंतू गिळणाऱ्या या पेशींना पुढे 'फॅगोसाइट' म्हणजे भक्षक पेशी हे नाव मिळाले.

प्राण्यागणिक वेगळी लढाई

एका काट्याने कोणाची खात्री पटणार नव्हती. म्हणून मेचनिकोव्ह एकामागून एक प्राणी तपासत गेले. डॅफ्निया हा गोड्या पाण्यातला पारदर्शक, इवलासा जीव. त्याने एका बुरशीचे सुईसारखे बीजाणू गिळले, की ते आतडे भेदून अंगात शिरतात. भक्षक पेशींनी ते सगळे वेळेत संपवले तर डॅफ्निया जगतो. बीजाणू उगवून बुरशी वाढली तर ती पेशींनाच मारते आणि डॅफ्निया मरतो.

पुढे त्यांनी अँथ्रॅक्सचे जंतू बेडकाला आणि सशाला टोचून पाहिले. बेडकाच्या पेशी हे जंतू गिळताना दिसल्या. साध्या सशाच्या पेशी त्यांच्यापुढे कमी पडल्या. पण सशाला आधी कमजोर केलेल्या जंतूंची लस दिलेली असेल, तर त्याच्याही पेशी जंतूंवर तुटून पडत. लस म्हणजे या पेशींना आधीच मिळालेली तयारी, हे यातून दिसले.

तारामासा ते माणूस, मूळ पद्धत एकच असली तरी तपशील बदलतात. माणसात आणि उंदरात हे काम मुख्यतः न्यूट्रोफिल नावाच्या पेशी करतात. कोंबडीत त्यांच्या जागी हेटेरोफिल या पेशी असतात. त्यांच्यात काही विकरे नसल्याने कोंबडीच्या गळवात पातळ पू होत नाही, घट्ट गोळा होतो. निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशींपैकी निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असतात. उंदरात हे प्रमाण बरेच कमी असते. म्हणून उंदरावर औषध यशस्वी झाल्याची बातमी वाचून लगेच आशा किंवा घाई करू नका.

वाद आणि दोघांचा विजय

१८८८ मध्ये मेचनिकोव्ह पॅरिसला गेले. लुई पाश्चर यांनी आपल्या संस्थेत त्यांना प्रयोगशाळा दिली आणि ते अखेरपर्यंत तिथेच राहिले. ओडेसातले त्यांचे विद्यार्थी वाल्डेमार हाफकिनही तिथे पोहोचले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा याच हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने आहे.

जर्मनीतले संशोधक मात्र मेचनिकोव्ह यांचे म्हणणे मानत नव्हते. त्यांच्या मते खरे संरक्षण रक्तद्रवातल्या पदार्थांमुळे, म्हणजे आज आपण ज्यांना अँटिबॉडी म्हणतो त्यांच्यामुळे मिळते. हा वाद वीसेक वर्षे चालला. शेवटी दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर ठरल्या. अँटिबॉडी जंतूला चिकटली की भक्षक पेशीला तो पकडणे सोपे जाते. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकोव्ह आणि जर्मनीचे पॉल एर्लिख यांना मिळून देण्यात आले.

उतारवयात त्यांना वाटू लागले, की मोठ्या आतड्यातल्या जंतूंमुळे म्हातारपण लवकर येते आणि आंबवलेले दूध प्यायल्याने ते लांबवता येईल. हे त्यांना सिद्ध करता आले नाही. १९१६ मध्ये वयाच्या ७१ व्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. दही-ताक जरूर घ्या, पण औषधाच्या ऐवजी नको.

त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मला नेहमी चटका लावते. मोठ्या भक्षक पेशींना मॅक्रोफेज हे नाव त्यांनीच दिले. क्षयाचे जंतू नेमके याच पेशींमध्ये लपून राहतात. पेशी त्यांना गिळते, पण मारू शकत नाही. म्हणजे ल्युडमिलाचे शरीर लढले नव्हते असे नाही. त्या पेशींना जोड द्यायला तेव्हा औषधच नव्हते. आज ते आहे. टीबीच्या गोळ्या साधारण सहा महिने घ्याव्या लागतात, त्याचे एक कारण हे लपलेले जंतूच आहे. दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून गोळ्या सोडू नका.

तुमच्यासाठी महत्त्वाचे

रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या तर घाबरू नका. मोठ्या माणसात त्या साधारण ४,००० ते ११,००० असतात आणि जंतुसंसर्गात त्यांची संख्या वाढते. मात्र रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, कारण वाढीची इतर कारणेही असू शकतात.

गळू घरी दाबून फोडू नका. लाली झपाट्याने पसरत असेल, थंडी वाजून ताप येत असेल किंवा रुग्ण गुंगीत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मधुमेहात साखर वाढलेली असेल तर भक्षक पेशींचे काम मंदावते. म्हणून पायाची छोटी जखमही डॉक्टरांना दाखवा.

केमोथेरपी चालू असताना न्यूट्रोफिल खूप कमी होऊ शकतात. तेव्हा लढायला पेशीच पुरेशा नसल्याने सूज किंवा पू दिसणार नाही. फक्त ताप येईल. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त असेल, तर सकाळची वाट न बघता रात्रीच रुग्णालयात जा.

तुमच्या पेशी त्यांचे काम करतच असतात. त्या कुठे कमी पडत आहेत हे वेळेवर ओळखणे आणि त्यांना मदत पोहोचवणे, हे तुमचे आणि आम्हा डॉक्टरांचे काम आहे.